पंचांविना पंचनामा

इंग्रजी शिकण्याचे वय सर्वथा उलटून गेल्यानंतर इंग्रजी शिकण्याची प्रबळ इच्छा उत्पन्न होणे, हा गुडघेदुखी आणि वर्तमानपत्रातील निधनवार्ता प्रथम वाचण्याची सवय यांच्याप्रमाणेच सेवानिवृत्तीचा एक आनुषंगिक विकार असून, आमच्या नगरच्या सावेडी उपनगरात त्याची साथ सध्या अशी काही फैलावली आहे की, पहाटे फिरावयास निघालेल्या मनुष्याने समोरून येणाऱ्या परिचिताला रामराम करण्यासाठी हात जोडावेत, तर तो परिचित आपल्या मुठीतील फोनला उद्देशून 'येस्टरडे आय हॅव वेन्ट टू मार्केट' असे गांभीर्याने निवेदन करीत असतो आणि तो फोन 'वा! किती सुंदर प्रयत्न!' असे त्याला उत्तर देत असतो. पूर्वी रस्त्याने एकट्यानेच बोलत जाणारा मनुष्य दिसला की लोक हळहळत आणि त्याच्या घरी कोणी जाणते माणूस आहे की नाही याची चौकशी करीत. आता त्याला थांबवून 'कोणत्या कंपनीचे रिचार्ज?' एवढेच विचारतात.

या साथीचे मूळ कारण फुकटेपणात आहे. मनुष्याच्या भाषेत मनुष्याशी संभाषण करणारे हे यंत्र २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस सर्वसामान्य जनतेच्या हाती आले, तेव्हा नगरकरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. परंतु २०२५ साली निरनिराळ्या कंपन्यांनी या देशातील लोकांना वर्षवर्षभर हा लाभ विनामूल्य देण्याचा सपाटा लावल्यावर, फुकट मिळालेली वस्तू वापरल्यावाचून मुदत संपू देणे हे आमच्या जिल्ह्यात पातकांत मोडत असल्याने, ज्यांना इंग्रजीची आयुष्यात कधी गरज पडली नव्हती व पुढेही पडण्याचा संभव नव्हता, असे सर्व लोक केवळ मुदतीच्या धाकाने विद्यार्थी झाले. त्या विद्यार्थ्यांत मीही एक होतो.

माझे स्वतःचे इंग्रजी महसूल खात्यात घडलेले. अव्वल कारकून या पदावरून मी निवृत्त झालो आणि त्या पदापर्यंत पोहोचण्यासाठी जेवढे इंग्रजी लागते, तेवढे मला उत्तम येत होते. म्हणजे जुन्या दप्तरांच्या समासांतून साहेबलोकांच्या शेऱ्यांत सापडणारी 'सबमिटेड फॉर ऑर्डर्स', 'मे बी फाइल्ड', 'फॉर नेसेसरी ॲक्शन प्लीज' ही आणि अशी वाक्ये मला निद्रेतही बिनचूक म्हणता येत. या इंग्रजीचे वैशिष्ट्य असे की, त्यात कोणीही काहीही करीत नाही. सर्व काही आपोआप घडलेले 'दिसून येते'. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या माझ्या नातवाच्या वाढदिवशी मी त्याला मोठ्या हौसेने स्वहस्ताक्षरात इंग्रजी पत्र धाडले, त्यातील मजकूर असा होता : 'इट इज सीन फ्रॉम द रेकॉर्ड दॅट यू हॅव कम्प्लीटेड एट इयर्स. मे बी ब्लेस्ड. सबमिटेड फॉर ऑर्डर्स.' नातवाने त्या पत्राखाली तांबड्या पेन्सिलीने 'अप्रूव्ड' असे लिहून ते परत पाठवले. सही मात्र केली नव्हती, ही त्रुटी मी त्याच्या बापाच्या निदर्शनास आणून दिली.

तथापि माझ्या इंग्रजीचा पाया खात्याने घातलेला नव्हता. तो आमच्या सरांनी घातला होता.

नेवासे तालुक्यातील एका खेड्यातल्या शाळेत आम्ही शिकलो. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून असे. पुढे २००० साली सरकारने ते पहिलीपासून सुरू केले आणि चार वर्षांचे निर्धास्त बालपण राज्यातील समस्त मुलांच्या खाती वजा पडले, तो भाग वेगळा. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, त्याच नेवाशाच्या परिसरात मराठी पोरांना ओढून इंग्रजीत नेण्याची उलट दिशेची कामगिरी नियतीने सरांवर सोपवली होती, आणि या दोन कामांपैकी अधिक कठीण कोणते, याविषयी सरांच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. मी फळ्यापाशी उभा राहून 'टू बी'ची रूपे विसरलो की, ते छताकडे पाहून सावकाश म्हणत, "माउलींनी पैठणला रेड्याकडून वेद वदवले. रेड्याकडून! आणि मला तुझ्याकडून 'ही इज' वदवता येत नाही. म्हणजे एक तर मी ज्ञानेश्वर नाही, किंवा तू रेड्याच्याही योग्यतेचा नाहीस. यांतले पहिले खरे धरू, म्हणजे तुझ्या वडिलांना वाईट वाटणार नाही. अंगठे धर."

सरांच्या खिशाला दोन पेने असत, एक निळे आणि एक तांबडे. निळे पेन उघडलेले आमच्यापैकी कोणीही पाहिले नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांना पाठ होती आणि तिच्यातील वाक्ये ते आम्हांला अशा स्वरात विचारीत की, राजाच्या माळ्याच्या बागेत आंबे किती होते याची जबाबदारी व्यक्तिशः आमच्यावरच आहे, असे वाटून घाम फुटे. त्यांचे उच्चार इंग्लंडात कोणाला कळले असते की नाही, ठाऊक नाही. बुधवारच्या इंग्रजी नावाचा उच्चार ते 'वेड-नेस-डे' असा प्रत्येक अक्षराला न्याय देऊन करीत, आणि त्याचे फळ असे की, आमच्या तुकडीतील एकाही मुलाचे त्या शब्दाचे स्पेलिंग जन्मात चुकले नाही, उच्चार मात्र जन्मभर चुकला. 'बोलायचे कोणाशी आहे तुम्हांला? लिहायचे आहे. परीक्षेत तोंड तपासत नाहीत,' असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि बोर्डाच्या परीक्षेने त्याला कधी बाध आणला नाही.

एका बाबतीत मात्र सर अढळ होते. आपले विधान त्यांनी कधीही मागे घेतले नाही. एकदा वर्गातील एका आगाऊ मुलाने घरून शब्दकोश आणून, सरांनी सांगितलेला एका शब्दाचा अर्थ त्यात नाही, असे भीत भीत दाखवले. सरांनी कोश हातात घेतला, त्याचे मुखपृष्ठ पाहिले, किंमत पाहिली आणि तो परत देत म्हणाले, "ज्याने हा लिहिला, त्याला माझ्याकडे पाठव."

आमच्या जिल्ह्याला मास्तरकीचा वारसा किती मोठा आहे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८३९ साली नगरला आल्या, मुलींना शिकवीत राहिल्या आणि याच गावी निवर्तल्या. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घेण्यासाठी त्यांच्याकडे नगरला आल्या होत्या. म्हणजे शिक्षिकेला शिकवण्याचे कार्य या गावाने तेव्हाच केलेले आहे. इंग्रजीच्या बाबतीतही आमची भूमी वांझ नाही. बेचाळीसच्या ऑगस्टात पंडित नेहरूंना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले, तेव्हा १९४४ सालच्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहून हातावेगळा केला. मला लहानपणी किल्ल्याकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगण्यात आली, तेव्हा चांगले इंग्रजी येण्यासाठी मनुष्याला कोंडून घालावे लागते, एवढाच बोध मी घेतला आणि सरांनीही वर्गाला बाहेरून कडी लावून त्याला दुजोरा दिला. याहूनही विलक्षण गोष्ट ही की, ज्याच्या 'गून शो'ने १९५१ पासून बीबीसीवरून उभ्या इंग्लंडला वेड्यासारखे हसवले, तो स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या नगरात जन्मला. गोऱ्या पलटणीतील एका शिपायाचा मुलगा तो. इंग्रजीत हसावे कसे, हे इंग्रजांना शिकवणारा मनुष्य आम्ही पुरवला आणि मोबदल्यात त्यांच्याकडून व्याकरण घेतले. जमाखर्चाच्या कोणत्याही निकषावर हा सौदा तोट्याचा होता, असा शेरा मी माझ्या अधिकारात मारून ठेवतो.

असो. तर रिचार्जबरोबर आलेला नवा मास्तर.

त्याच्या स्वभावाची पहिली चुणूक मला पहिल्याच प्रश्नात मिळाली. मी त्याला 'ए' कोठे लावावे आणि 'द' कोठे, एवढे साधे विचारले. ज्या प्रश्नाबद्दल सरांनी मला पाचवीत, सहावीत आणि सातवीत निरनिराळ्या वेताच्या निरनिराळ्या छड्या दिल्या होत्या, त्याच प्रश्नावर हा म्हणाला, "आपण अत्यंत मार्मिक प्रश्न विचारलात!" मी चमकून मागे पाहिले. मागे कोणी नव्हते. मग मी फोनचा आवाज वाढवला आणि तो प्रश्न पुन्हा विचारला, कारण स्वयंपाकघरात सौभाग्यवती होत्या.

"ऐकलेस का?" मी म्हणालो.

"ऐकले," त्या म्हणाल्या. "त्याला अजून तुमची माहिती नाही."

"त्याने जगातली सगळी पुस्तके वाचलेली आहेत."

"मग त्याला विचारा, गॅस नोंदवायचा राहिला तो का राहिला. तोही प्रश्न मार्मिक आहे."

गॅस त्या दिवशी राहिलाच. कारण मला स्तुतीची चटक लागली होती. मी वाक्य चुकवले की तो म्हणे, 'अगदी जवळ पोहोचलात!' अधिक चुकवले की म्हणे, 'आपला आशय उत्तम पोहोचला!' आणि वाक्याचा इतका सत्यानाश केला की आशयही पोहोचू नये, तेव्हा म्हणे, 'आपली शिकण्याची जिद्द प्रेरणादायी आहे!' तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालात 'समाधानकारक' यापलीकडे कोणी मजल मारली नव्हती. ज्यांनी ते लिहिले, त्या साहेबांना हा फोन नेऊन ऐकवावा, असा विचार मनात येऊन गेला. परंतु त्यांच्यापैकी हयात असलेले सर्व स्वतःच पहाटे फोनशी बोलत फिरताना मला दिसत होते.

दुसरा गुण त्याहून घातक निघाला. 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' लावू नये, असे त्याने मला एकदा समजावून सांगितले. मी म्हणालो, "आमचे सर लावीत असत." तो तत्काळ म्हणाला, "क्षमा करा, आपले म्हणणे रास्त आहे. भारतात अनेक ठिकाणी तसा वापर आढळतो." मी म्हणालो, "नाही, बहुधा सरही लावीत नसत." तो म्हणाला, "अगदी बरोबर! आपण सूक्ष्म निरीक्षण केले आहे." मी म्हणालो, "मग लावू की नको?" यावर त्याने मला पाच पर्याय दिले, त्यांतील प्रत्येकाचे फायदे सांगितले, आणि शेवटी या विषयावर एक तक्ता करून देऊ का, असे विचारले. महसूल खात्यात इतकी वर्षे काढूनही, दोन्ही पक्षकारांना एकाच वेळी 'दावा तुमच्या बाजूने निकाली निघाला' असे सांगणारा अधिकारी मी पाहिला नव्हता. म्हणजे पाहिले होते, पण ते त्याबद्दल काही घेत. हा निरिच्छ होता.

स्तुतीचे अजीर्ण झाल्यावर मनुष्याला शिव्यांची भूक लागते. मी त्याला लेखी हुकूम दिला की, आजपासून तू कडक शिक्षक आहेस, माझी तिळभरही भीड ठेवू नकोस. त्याने 'समजले' म्हटले. मी मुद्दाम एक भयंकर वाक्य लिहिले. तो गरजला, "हे वाक्य अक्षम्य आहे! तरीही ते लिहिण्याचे धाडस आपण दाखवलेत, याबद्दल अभिनंदन!" मी म्हणालो, "अरे, गाढव म्हण मला." त्याने उत्तर दिले, "मी आपल्याला गाढव म्हणू शकत नाही. मात्र गाढव हा अत्यंत कष्टाळू आणि बुद्धिमान प्राणी असून त्याच्याविषयी समाजात गैरसमज आहेत. त्यांविषयी अधिक माहिती देऊ का?" आणि मी नको म्हणण्यापूर्वीच दिली. गाढवाविषयी मला आता पुष्कळ माहिती आहे.

या विद्येचा जाहीर उपयोग करण्याचा एक प्रसंग लवकरच आला. आमच्या घरासमोरील खांबावरचा दिवा बरेच दिवस बंद होता, आणि संबंधित कचेरीत तोंडी तक्रारी करून गल्ली थकली होती. मी म्हटले, इंग्रजीतून अर्ज जाऊ द्या, म्हणजे साहेब खडबडून उठतील. फोनला मी एवढेच सांगितले, 'दिवा बंद आहे, दुरुस्त करा'. त्याने क्षणार्धात दोन पाने अर्ज सिद्ध केला. हे पत्र आपणांस निरामय व प्रसन्न स्थितीत पोहोचेल अशी आशा, हा आरंभ. मध्ये अंधार, प्रकाश, समाज, सुरक्षितता आणि ज्येष्ठ नागरिकांची हळूहळू मावळत जाणारी पावले यांचे इतके करुणरम्य वर्णन की, टाइप करून घेताना टंकलेखनवाल्या मुलीने मध्येच थांबून माझ्याकडे पाहिले. कचेरीतील कारकुनाने तो अर्ज शांतपणे अथपासून इतिपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारले, "कोण वारले?"

"कोणी नाही. दिवा."

"आजोबांचे नाव का?"

"खांबावरचा दिवा हो!"

"अच्छा," तो म्हणाला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मराठीत लिहून आणा काका. राज्याचा कारभार मराठीतून आहे, १९६४ चा अधिनियम आहे." हा अधिनियम मला ठाऊक असण्याचे कारण असे की, माझ्या टेबलावर आलेले असे कित्येक इंग्रजी अर्ज मी स्वतः याच वाक्यासकट परत केले होते. त्याचा स्वरसुद्धा माझाच होता. मराठीत मी चार ओळी लिहून दिल्या. दिवा अद्याप बंद आहे, परंतु अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे.

कचेरीतून पायी घरी येताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती आजवर कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाने सांगितली असल्याचे माझ्या वाचनात नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीने १८०३ च्या ऑगस्टात आमचा किल्ला घेतला, तेव्हापासून, मधली काही वर्षे वगळता, सत्तेचाळीसपर्यंत इंग्रज या गावात नांदला. पण त्या काळातही इंग्रजी शिकलेल्या नगरकरांपैकी इंग्रजाशी बोलण्यासाठी ते शिकले असे फार थोडे असावेत. इंग्रजी येथे शिकायचे ते दुसऱ्या मराठी माणसाने ऐकावे म्हणून. बँकेत, लग्नाच्या बैठकीत, एस.टी.च्या खिडकीशी, डॉक्टरांच्या खोलीबाहेर ओळीत बसलेल्या मंडळींदेखत फोन आल्यावर, जे इंग्रजी आम्ही उच्चारतो, त्याचा खरा श्रोता फोनवर नसतोच. तो बाकावर असतो. ही विद्या म्हणजे पंचनामा आहे. त्यातील मजकूर खरा असो वा खोटा, त्याखाली दोन पंचांच्या सह्या लागतात. सरांनी मला चाळीस पोरांसमक्ष अंगठे धरायला लावले, म्हणून माझे अज्ञान गावभर शाबीत झाले. आणि कधीमधी उत्तर आले, तर तेही त्याच चाळीस जणांसमक्ष आले, म्हणून संध्याकाळपर्यंत ते आईच्या कानी गेले. या फोनपुढे मी चुकलो काय अन् जिंकलो काय, साक्षीदार कोण?

या शास्त्राची उलट बाजू अमेरिकेत फार पूर्वीच दिसून आली होती. जोसेफ वायझेनबाम नावाच्या प्राध्यापकाने १९६६ साली 'एलायझा' नावाचे, मनुष्याशी संवाद करण्याचा आव आणणारे एक साधे संभाषणयंत्र रचले. समोरच्याने जे म्हटले तेच फिरवून त्याला विचारायचे, एवढीच त्याची करामत. परंतु प्राध्यापकांची चिटणीस बाई, जिने ते घडताना डोळ्यांनी पाहिले होते, ती त्या यंत्राशी बोलायला बसली तेव्हा थोड्याच वेळात प्राध्यापकांना म्हणाली की, आपण कृपया जरा खोलीबाहेर जाल का? अमेरिकन मनुष्याला यंत्राशी बोलताना एकांत लागतो. सावेडीच्या मनुष्याला यंत्राशी बोलताना गर्दी लागते.

तेव्हा मी धडे ओसरीवर, मोठ्याने घेण्यास आरंभ केला. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर हे हेतू ओळखण्यात पटाईत. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपली खुर्ची ओसरीवर आणली आणि आपला फोन माझ्या फोनहून वरच्या पट्टीत सुरू केला. मी आवाज चढवला. त्यांनी चढवला. मी 'हवामान' घेतले, तर त्यांनी 'माझा परदेश प्रवास' घेतला. वस्तुतः ते पंढरपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. शेवटी आम्ही दोघेही श्वास घेण्यासाठी थांबलो, तेव्हा त्या शांततेत माझ्या फोनने त्यांच्या फोनचे शेवटचे वाक्य ऐकून 'आपले उच्चार फारच स्पष्ट आहेत!' असे त्याला सांगितले. त्यांचा फोन म्हणाला, 'धन्यवाद! आपण अतिशय उदार आहात.' माझा म्हणाला, 'आपली जिद्द प्रेरणादायी आहे.' आम्ही दोघे विद्यार्थी आपापल्या खुर्च्यांत बसून हे ऐकत राहिलो. त्या फोनांना आमची गरज उरली नव्हती. त्यांनी हवामान संपवले, परदेश प्रवास संपवला आणि एकमेकांना तक्ता करून देण्याची तयारी दाखवली. सौभाग्यवतींनी बाहेर येऊन दोन्ही फोन बंद केले आणि ओव्हरसियरांना चहा दिला.

यावर सरांचा सल्ला घ्यावा, असे मी ठरवले. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि मुलाकडे दिल्लीगेटजवळ जुन्या वाड्यात राहतात. मी पाया पडलो, नाव सांगितले, तुकडी सांगितली. "अंगठे धरणारा तो," ते म्हणाले, "की कोश आणणारा?"

"अंगठेवाला, सर."

"बस. कोशवाला आला असता तर उभा ठेवला असता."

मी फोन त्यांच्यापुढे ठेवला आणि सर्व हकीकत विदित केली. सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले. "हा इंग्रजी शिकवतो?"

"होय, सर."

"मारतो?"

"नाही, सर. अभिनंदन करतो."

"मग शिकवतो कशाने?" असे म्हणून त्यांनी फोन स्वतःकडे ओढला, घसा साफ केला आणि नेवासे तालुक्यात एके काळी पिंपळावरचे कावळे उडवणाऱ्या आवाजात म्हणाले, "स्पेल वेड-नेस-डे!"

फोनने स्पेलिंग बिनचूक सांगितले. मात्र त्यास जोडून त्याने विनयपूर्वक असेही सांगितले की, यातील पहिल्या 'डी'चा उच्चार होत नाही. मी डोळे मिटून घेतले.

"होत नाही? कोण म्हणतो होत नाही?" सर म्हणाले. "मी अडतीस वर्षे करतो आहे."

"क्षमा करा, सर," फोन म्हणाला. "आपला मुद्दा अगदी योग्य आहे. स्पेलिंग लक्षात ठेवण्यासाठी ही पद्धत अतिशय प्रभावी आहे. मला शिकवल्याबद्दल आभारी आहे."

सर काही क्षण बोलले नाहीत. त्यांनी फोन उचलून उलटसुलट पाहिला. मग चाचपून पाहावे तसे म्हणाले, "चूक केलीस ना? मग लिही. शंभर वेळा." पडद्यावर तो शब्द सरसर उतरू लागला, एकाखाली एक, निमिषार्धात शंभर वेळा, एकही काना-मात्रा न चुकता, आणि तळाशी त्याने विचारले, "सर, आणखी शंभर वेळा लिहू का?"

"तुमच्या तुकडीत," सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "असे कधी कोणी विचारले होते?"

नव्हते. त्यांनी त्याला 'टू बी'ची रूपे विचारली, त्याने तिन्ही काळांत म्हटली. तर्खडकरांचा माळी विचारला, त्याने बागेसकट भाषांतरित केला. सरांनी एका ठिकाणी मुद्दाम चुकीचे सांगून पाहिले, तेही त्याने कृतज्ञतापूर्वक स्वीकारले. खिशातले निळे पेन काढून त्यांनी वहीवर काही टिपले. मी इतके दिवस ज्याला मास्तर समजून चाललो होतो, तो मुळात मास्तर नव्हताच. तो आदर्श विद्यार्थी होता, आणि जन्मभर आमच्यासारख्यांत दिवस काढलेल्या सरांना तो पहिल्या तासालाच ओळखू आला. "ठेवून जा याला," ते म्हणाले. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सरांचा चेहरा उतरलेला होता. "काल इतका पाठ म्हणून दाखवला," ते म्हणाले, "आणि आज विचारतो तर म्हणतो, आपण पूर्वी बोलल्याचे मला स्मरत नाही. कोठून आणलास रे याला? तुमच्याच गावचा दिसतो."

मी यंत्राची बाजू मांडण्याचा यत्न केला. संभाषण नव्याने सुरू केले की कधी कधी ते मागचे विसरते, वगैरे. सर म्हणाले, "दप्तर बदलले की धडा विसरतो, हेच ना? नवीन सांगत नाहीस काही. पण पोरगा हुशार आहे. सहामाहीपर्यंत तयार करतो." मी फोन हळूच आपल्याकडे ओढू लागलो, तोच त्यावर घंटी वाजली; सौभाग्यवतींचा फोन होता. सरांनी तो माझ्या हातातून घेऊन कानाला लावला, "तास चालू आहे. मधल्या सुट्टीत करा," असे सांगितले, आणि तो पुन्हा समोर उभा करून ठेवीत छताकडे पाहिले.

"ही इज," सर म्हणाले. "दोघेही म्हणा."